बाबांच्या बंदुकीची वही

“लिव,” बाबा म्हणाले.

मी वही उघडली, पेनाचं टोपण काढलं आणि तारीख घातली. ६ मार्च १९९४, रविवार, सकाळचे साडेसहा. ओटीवर अजून पुरता उजेडही आला नव्हता. माझे सासरे, वासुदेव गवस, बाकावर ताठ बसले होते आणि बंदूक त्यांच्या मांडीवर आडवी होती. खाली खांबाला टेकून माझा नवरा विलास बसला होता. तेव्हा मी त्याला ‘हे’ म्हणायची. आता लिहिताना नावाने लिहिते. इतकी वर्षं संसार केल्यावर एवढा हक्क मी घेतला आहे.

“लिव. आज सकाळी सहा वाजता मी खालच्या काजीत गेलंय.”

माझा हात थांबला. “कोण गेला, बाबांनू?”

“मी. वासुदेव गवस. परवानो कोणाच्या नावार आसा?”

अर्ध्या तासापूर्वी मी आंघोळीचं पाणी तापवत होते, तेव्हा खाली काजूच्या बागेत एक बार झाला. त्यात नवल काहीच नव्हतं. काजू धरायला लागले की आमच्या कळणखोल वाडीत डुकरं आणि वानरं माणसांच्या आधी उठतात, आणि त्यांना हुसकावायला शेतीच्या परवान्याची बंदूक चार-पाच घरांत आहे. मी चुलीत आणखी एक लाकूड सारलं. एवढ्यात विलास मागच्या दाराने आत आला. एका पायात चप्पल होती, दुसऱ्यात नव्हती.

“दिगू,” तो म्हणाला. “बाबा, आपलो दिगू. झाळीत हालला म्हणान मी बार टाकलंय. माका डुकर वाटलो.”

दिगू म्हणजे शेजारच्या चंपाकाकीचा मुलगा. एकुलता एक, एकोणीस वर्षांचा. त्यांची पाडी आदल्या संध्याकाळपासून चुकली होती, ती शोधत तो आमच्या बागेच्या गडग्यापाशी, दगडी कुंपणापाशी, आला होता, हे मागाहून कळलं.

“बार वर टाकूचो सोडून?” बाबा म्हणाले. मग आवाज खाली आणून, “जिवंत हा?”

“नाय. हात धरून बघलंय. नाय.”

“तुका कोणी बघल्यान?”

“कोण नव्हता थय.”

बाबांनी हात पुढे केला. विलासने बंदूक दिली. त्यांनी चाचपून ती उघडली, रिकामी पुंगळी काढली, नाकाशी नेली आणि खिशात टाकली. मग त्याला एकेक गोष्ट विचारली: गडग्यापासून कितवी काज, उजव्या अंगाला उभा होतास की डाव्या, झुडपांची झाळी किती पावलांवर. मला वाटलं, म्हातारा माणूस आहे, धक्क्याने काहीतरी विचारत सुटलाय. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी मला वही आणायला सांगितली.

त्या वहीबद्दल सांगायला हवं. शंभर पानी लांबट वही. केव्हा, कुठे, किती काडतुसं, कशासाठी, काय झालं, शिल्लक किती, असे रकाने मीच पट्टीने आखलेले. बाबा दुसरी शिकलेले. सही यायची, बाकी अक्षर नाही. मी मॅट्रिक पास होऊन, वळणदार अक्षर घेऊन या घरात आले आणि तिसऱ्या महिन्यात वही माझ्याकडे आली. बाबा सांगत आणि मी लिहीत असे. त्यांचा एकच हट्ट होता, घडलं तसंच लिहायचं. ‘वानरांवर बार. वानर हलले नाहीत. आमचा बैल दावं तोडून पळाला.’ ‘काडतूस भिजलेलं, वाजलं नाही. ओढ्याकाठी पुरलं.’ वाडीतले लोक तिला वासूआबाची पोथी म्हणून हसायचे. पण निवडणूक आली की सगळ्यांच्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागत. तेव्हा बाकीचे काडतुसांचा हिशेब जुळवताना घाम पुसत आणि हवालदार आमची वही उचलून त्यांना दाखवत असे. त्या दिवशी घरी आल्यावर बाबा दोन कप चहा घेत.

अशा त्या वहीत दोन वर्षांपासून खोटं होतं, आणि ते माझ्या अक्षरात होतं.

बाबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला होता. ऑपरेशनला गेलं तर गावभर होणार, दिसत नाही म्हटलं की परवाना जाणार, आणि बंदूक गेली की बाग डुकरांच्या घशात, असं त्यांचं गणित. घरात, परड्यात आणि वाडीतल्या वाटांवर ते पायांच्या ओळखीने चालत, माणसं आवाजाने ओळखत, आणि बाहेरच्या कुणाला पत्ता लागू देत नसत. विलास गोव्याला बंदरावर कामाला होता, नुकताच कायम झाला होता. शनिवारी तो घरी आला की बंदूक त्याच्या हातात. परवाना म्हाताऱ्याच्या नावावर आणि बंदूक मुलाच्या खांद्यावर हे आमच्या वाडीत कुणाला गुन्हा वाटतच नसे. वहीत मात्र मी लिहायची: मी गेलो, मी बार काढला, मी परत आलो. पहिल्यांदा मी विचारलं होतं, तेव्हा बाबा हसून म्हणाले होते, “तो गेलो काय आणि मी गेलंय काय, घर एकच मां?” मलाही ते पटलं. कुणाचं काय जात होतं? अशा एकतीस नोंदी मी केल्या. पुढे एकदा मोजल्या.

“बाबांनू, तुमका दिसणा नाय,” मी म्हटलं.

“ता तुका ठावक, तेका ठावक. वहीक ठावक नाय.”

“वहीत खोटा लिवचा नाय, असा तुमीच म्हणत होतास.”

“लिवलेलाच आसा. दोन वर्सां लिवतंस. मगे आज कित्याक थांबलंस?”

मी पेन खाली ठेवलं.

बाबा पुढे वाकले. “चेडवा, ऐक. माका परवानो आसा. म्हाताऱ्याच्या हातसून चूक झाली म्हणतले, वर्स-दोन वर्सां घालतले. हेका परवानोच नाय. हेका सोडूचे नाय. नोकरी जायत. बंड्या चार वर्सांचो, धाकटा अजून पाळण्यात. तेंका कोण बघतलो? मी सत्तरीक लागलंय. माझा काय रवला?”

“आणि चंपाकाकीक काय सांगतलास?”

“तिका काय सांगलंय तर दिगू येतलो?”

मी विलासकडे पाहिलं. खरं सांगते, मी त्याची वाट पाहत होते. तो उठेल आणि म्हणेल, बाबा, पुरे झालं, माझंच नाव लिहू दे. त्याने तेवढं म्हटलं असतं तर कदाचित मीच त्याच्या पाया पडले असते, की नको, मुलांकडे बघा. पण त्याने म्हणायला हवं होतं. तो नखाने सारवलेल्या जमिनीवर रेघ ओढत होता. ओढून झाली की हाताने पुसत होता आणि पुन्हा ओढत होता.

मी लिहिलं. ‘डुकर समजून मी झाळीच्या दिशेने बार काढला. शेजारी दिगंबर यास लागून तो जागीच गेला. काडतूस एक. शिल्लक एकवीस.’ बाबांनी खाली सही केली. मी त्यांचं बोट ओळीवर टेकवून दिलं, तेव्हा त्यांचा हात गार होता. मग त्यांनी धोतर बदललं, आणि पोलीस पाटलाकडे स्वतः चालत गेले.

दहाच्या सुमाराला फौजदार आले. डांगे त्यांचं नाव, घाटावरचा माणूस, बोलणं मोजकं. त्यांनी बंदूक आणि परवाना ताब्यात घेतला, काडतुसं मोजली, मग ओटीवर बसून वही चाळली. बराच वेळ चाळली. एका पानावर त्यांच्या मिशीखाली हसू आलंसं वाटलं. बहुतेक बैलाची नोंद असावी.

“बाई, अक्षर तुमचं?”

“हो.”

“हे सांगतात आणि तुम्ही लिहिता?”

“हो.”

“अशी वही मी आजवर पाहिली नाही,” ते हवालदाराला म्हणाले. “खोटं बोलणारा माणूस असता तर वानर हलले नाहीत असं लिहून ठेवलं असतं का? इथे फुशारकी मारायला कोण अडवत होतं?”

हवालदाराने मान हलवली. मी पदर तोंडाशी धरून उभी होते. त्यांना ते रडू वाटलं असेल. मला लाज वाटत होती, आणि त्या लाजेखाली, सांगायला नको पण सांगते, सुटल्यासारखंही वाटत होतं.

“चला, कुठे उभे होता ते दाखवा,” फौजदार बाबांना म्हणाले.

आता सगळं संपलं, असं माझ्या मनात आलं. घरापासून खालच्या बागेपर्यंत विहीर आहे, ओहोळ आहे, मग चिऱ्याच्या पायऱ्या आणि पुढे गडग्याच्या कडेने जेमतेम एक माणूस जाईल एवढी वाट. मी हात द्यायला पुढे झाले तर बाबांनी तो झटकला. ते एकटे पुढे निघाले. विहिरीपाशी वळले, ओहोळावरच्या दगडांवर बरोबर पाय टाकत पलीकडे गेले, पायऱ्या उतरले. एकदाही अडखळले नाहीत. पन्नास वर्षं तुडवलेली वाट होती ती. एक पोलीस ओहोळात घसरला, बाबा नाही. गडग्याशी आल्यावर त्यांनी दम लागल्यासारखं करून काजीच्या बुंध्यांना हात लावला. एक, दोन, तीन. तिसऱ्यापाशी थांबले.

“हय उभो होतंय, सायबानू. आणि थय झाळ.” त्यांनी हात केला तो नेमका झाळीकडे.

“किती लांब?”

“तीस पावलां.”

हवालदाराने चालून पाहिलं. एकोणतीस भरली. फौजदारांनी लिहून घेतलं. विलास सगळ्यांच्या मागे उभा होता आणि स्वतःच्या पायांकडे पाहत होता. आपला बाप आपल्यासाठी डोळस झाला आहे हे त्याला कळत होतं की नाही, कोण जाणे. मला त्याचा त्या क्षणी फार राग आला. तो राग पुरता कधी गेलाच नाही.

झाळीपलीकडे दिगूवर चादर घातली होती. चंपाकाकी मात्र तिथे बसली नव्हती. ती वाटेवरच उभी होती. सकाळपासून रडली नाही, बोलली नाही, बायका धरायला गेल्या तर त्यांना बाजूला सारलं, असं लोक सांगत होते. परत येताना बाबा पुढे होते आणि वाट अरुंद. ते सरळ तिच्या अंगावरच चालत आले.

चाळीस वर्षांचा शेजार. चंपाकाकी दिसली आणि बाबा “काय गे चंपा” म्हटल्याशिवाय पुढे गेले, असं मी कधी पाहिलं नव्हतं. आणि अलीकडे चंपाकाकी आधी बोलली नाही तर ते तिला ओळखत नसत, हेही मला माहीत होतं. ती बोलली नाही. बाबांचा खांदा तिच्या दंडाला लागला.

“जरा बाजूक रव रे,” बाबा म्हणाले आणि पुढे गेले.

पोलिसांना वाटलं, म्हातारा भांबावला आहे. चंपाकाकीने वळून त्यांच्या पाठीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग विलासकडे, आणि त्याच्यावर तिची नजर बराच वेळ राहिली. आता ती बोलणार. एका वाक्यात सगळं उघडं पडणार.

फौजदारही थांबले. “बाई, तुम्हाला काही सांगायचंय का?”

“नाय,” चंपाकाकी म्हणाली.

दुपारी बाबांना घेऊन गेले. जीपमध्ये बसताना ते मला म्हणाले, “इंदू, बंड्याक सांग, आजो कामाक गेलो.” विलास जीपच्या मागे थोडा धावला. तेवढंच.

कोर्टात बाबांनी गुन्हा कबूल केला. वकील द्या म्हटलं तर नको म्हणाले. दीड वर्षाची शिक्षा झाली, परवाना रद्द झाला, बंदूक सरकारजमा. तुरुंगातल्या डॉक्टरने त्यांचे डोळे तपासले आणि इस्पितळात नेऊन दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं करवली. डॉक्टरने विचारलं, आजोबा, हे कधीपासून? बाबा म्हणाले, हय इल्यापासून. त्यांनीच भेटीच्या वेळी मला हे सांगितलं आणि पुष्कळ दिवसांनी हसले.

परत आले तेव्हा त्यांना अंगणातून ओटीवरचं माणूस ओळखू येत होतं. विलास पाया पडायला वाकला. बाबांनी त्याला उठवून त्याचा चेहरा नीट पाहिला, किती तरी वेळ पाहिला. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. “वाळलंस रे,” एवढंच म्हणाले आणि आत गेले. त्यानंतर ते चंपाकाकीच्या घरावरून कधी गेले नाहीत. बाजाराला जायचं तरी वळसा घेऊन मागच्या वाटेने जात. तीन वर्षांनी ते वारले.

मी मात्र चंपाकाकीकडे जात होते. कधी ताक घेऊन, कधी काजू गोळा करायला मदत म्हणून. तिचे दोन्ही गुडघे गेले होते. मी जायची, काम करायची, तीही चहा करायची, आणि दिगूचं नाव आमच्यात कधी निघायचं नाही. बाबांचं तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी गेले ती रिकाम्या हाताने. ती ओटीवर सुपात काजूबिया निवडत बसली होती.

“काकी, माका एक सांगूचा आसा.”

“सांग.”

“बार बाबांनी काढूक नाय.”

तिचे हात थांबले नाहीत. “ठावक आसा,” ती म्हणाली.

“कधीपासून?”

“त्याच दिवशी कळला. माझ्या अंगार इलो आणि पोलीस समजान माका बाजूक रव म्हणालो. ज्येका मी दिसणा नाय, तेका तीस पावलांवयलो दिगू खयसून दिसतलो?”

मी तिथेच पायरीवर बसले. “वहीत मी लिवलंय, काकी. माझ्या हातान.”

“तुझा आज सांगान झाला.” तिने एक कुजकी बी बाजूला टाकली. “मी वाट बघीत होतंय, तू कधी तोंड उघडतंस. पाच वर्सां ताक हाडलंस, पण बोललंस नाय.”

“मगे तू तेव्हा कित्याक बोललंस नाय? फौजदार विचारत होतो.”

“बोलान काय झाला असता? विलास जेलात गेलो असतो. माका तो जेलात नको होतो. माका तो माझ्या दारात होयो होतो.” आता तिचे हात थांबले. “वाटला, बारावो झालो की येतलो. मगे वाटला, बापाशीक शिक्षा झाली, आता येतलो. वासू सुटान इलो त्या दिवशी तर मी पायरी झाडून ठेवलंय. हय येतलो, म्हणतलो, काकी, माझ्या हातसून झाला. इतक्याच. मी तेका काय मारतलंय? न्हानपणी माझ्याच हातची भाकरी खाल्ल्यान तेणी.”

मी उठले. “मी तेंका धाडतंय. आत्ताच्या आत्ता.”

“धाडू नको.”

“पण काकी—”

“तू धाडलंस तर तूच परत इलंस. तो नाय.” तिने सूप पुन्हा पुढे ओढलं. “बस. च्या ठेवतंय.”

मी चहा घेतला आणि घरी आले. विलास बाबांच्या बाकावर पेपर वाचत बसला होता.

“खय गेललंस?”

“चंपाकाकीकडे.”

त्याने पान उलटलं. कशी आहे ती, एवढंही विचारलं नाही. मी सांगितलं नाही. रोज सांगावंसं वाटायचं, जिभेवर यायचं, आणि रोज मी ते गिळायची, कारण तिने नको म्हटलं होतं आणि तिचं बरोबर होतं. पुढे मुलं मोठी झाली, विलास नोकरीतून निवृत्त होऊन कायमचा घरी आला. आमच्या अंगणातून तिचं दार दिसतं. मधे फक्त कमरेएवढा गडगा आहे. तो रोज सकाळी त्या गडग्यापाशी दात घासत उभा राहायचा. मी आतून बघायची. आज जाईल, म्हणायची.

गेल्या माघात चंपाकाकी गेली. मागे कुणीच नव्हतं, म्हणून वाडीतल्या माणसांनीच सगळं केलं. तिरडी बांधून झाली, आतून तिला बाहेर आणायचं होतं, आणि जो तो एकमेकांकडे बघत होता. तेव्हा विलास पुढे झाला. चप्पल काढून, मान खाली घालून तो तिची पायरी चढला आणि दारातून आत गेला. दिगू गेल्यापासून पहिल्यांदाच.

मसणवटीपर्यंत त्याने खांदा बदलू दिला नाही. संध्याकाळी लोक आमच्या ओटीवर टेकले, पाणी प्याले, आणि जाताना म्हणाले की विलासने शेजारधर्म पाळला.